माया

निंभोरकरांच्या हर्षालीनं लग्नाआधी बारा दिवस
नुसती काकडी अन् लिंबूपाणी.
ब्लाऊज तीनदा उसवला मी, तीनदा आवळला.
हळदीच्या दिवशी
मांडवातच चक्कर येऊन पडली.
दिवाळीत माहेरी आली, तर
बाही दंडात शिरेना.
"काकू, माया ठेवली होती ना?"
ठेवली होती. नेहमी ठेवते.

दुर्पताबाईला शुगर निघाली
तशी चहातली साखर अर्धी,
रातच्याला एकच भाकर,
अन् घाटंजीच्या रस्त्यानं कालव्यापर्यंत पायी.
बारीक झालीस का, म्हणून
तिला कोणी विचारलं नाही.
माझ्या वहीत फक्त,
पोळ्यापासून होळीपर्यंत,
बेचाळीसचे एकेचाळीस,
मग खोडून, चाळीस.

आज म्हणाली, मापाचं कर.
"माया कापून टाकू?"
थांबली जराशी.
"राहू दे बोटभर."