सदर

खळीचा डबा हँडलला, सायकल तरीत.
मार्व्याहून मनोरीला पोचेतो
खळीवर साय धरलेली असते.

एक जेट्टीवर, एक विहिरीच्या कठड्यावर,
तिसरी पास्कोलच्या बर्फाच्या गाळ्यावर.
तिथे मागची अजून लोंबतेय:
गुरुवारी पाणी येणार नाही.
कुठल्या गुरुवारी,
तेवढं शेळीनं खाल्लं.

कातरीनबाय वलांडीवर बोंबील टांगतेय,
जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं.
वाच, म्हणते.

मी वाचतो. सदर जागेवरील
सदर वलांडी सदर इसमाने
सात दिवसांत स्वखर्चाने...

थांब. हा सदर कोण रे?
दर कागदात असतो मेला.
आमच्या गावात नाय कोण त्या नावाचा.

तूच, मी म्हणतो.

ती इतकी हसते की
हातातली जोडी सुटून वाळूत पडते.
मग पदराला हात पुसून, कशाला पुसते कोण जाणे,
अंगठा देते.

कागदावरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची.
ती मी वाचली नाही.

ऑफिसात पोचपावत्यांची फाईल उघडली
की टेबलाखालचं मांजर उठतं,
येऊन बसतं
मनोरीच्या पानावर.