धुतलेली ताटली

सोळा वर्षं मी मिशिगनमधल्या या गावात
शाळेची पिवळी बस चालवली.
एक कळ दाबली की बाजूनं लाल पाटी उघडायची
आणि दोन्ही दिशांची वाहनं जागच्या जागी थांबायची,
ट्रकसुद्धा.
डिमिट्रियस उतरायचा शेवटून दुसऱ्या थांब्यावर,
दप्तर एका खांद्यावर, बुटाची नाडी कायम सुटलेली.
मी ओरडायचे, नाडी!
तो मागं न बघता हात हलवायचा.

आणि तरीही त्या ऑक्टोबरात
समोरच्या घराची खिडकी कुणीतरी उचकटताना दिसलं
तेव्हा मला दिसली फक्त टोपी
आणि टोपीखालचा रंग.
फोन करायला किती वेळ लागतो?
दूध उतू जाण्याइतकाही नाही.

किल्ली विसरला होता. घर त्याचंच.
अकरा मिनिटं पालथा पडून होता गवतावर,
पाठीवर एक बूट, काळा, पॉलिश केलेला.
पडद्याआडून मला तेव्हा कुठं दिसली
सुटलेली नाडी.

दुसऱ्या दिवशी मी सफरचंदाचा केक भाजून नेला.
ओडेसानं, त्याच्या आईनं, दारातूनच घेतला.
तिसऱ्या दिवशी ताटली माझ्या पायरीवर,
घासूनपुसून लख्ख.
चिठ्ठी नाही.

मग मी रडत गेले.
ती म्हणाली, गेर्डा, तू रडलीस की
पाणी मला आणावं लागतं.
आज माझ्यात उठायचं त्राण नाही.
मग मी काय करू, सांग ना?
तिनं दार लावलं. जोरात नाही.

नगरपालिकेच्या सभेत माइकपाशी तीन मिनिटं मिळतात.
पहिल्या खेपेला मी अडीच मिनिटं माझ्याबद्दलच बोलले.
मागं कुणीतरी खोकलं.
दुसऱ्या खेपेला बजेटाचं पान एकशे बारा वाचलं:
पोलिसांच्या नव्या गाड्यांना इतके,
मारहाणीच्या भरपाईला इतके,
चौकशी समितीला शून्य.
शून्य वाचायला वेळ लागत नाही,
म्हणून दोनदा वाचलं.

थँक्सगिव्हिंगला माझ्या दिरानं, हेंड्रिकनं,
तो विनोद केला. दरवर्षीचा.
टेबल हसलं.
बत्तीस वर्षं मी मूग गिळून बटाटे वाढत आले होते.
या वर्षी डाव खाली ठेवला. म्हटलं,
कळला नाही रे, समजावून सांग.
विनोद समजावताना माणसाचं तोंड कसं कोरडं पडतं
ते बघण्यासारखं असतं.
पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.
एकटीपुरते दोन बटाटे उकडले. अळणी झाले.

गेल्या गुरुवारी, रात्री पावणेदहा,
वळणावर निळे दिवे.
त्याची गाडी मी ओळखते,
मागचा दिवा लाल चिकटपट्टीनं सांधलेला.
पुढं जाऊन थांबले. इंजिन बंद केलं.
फुटपाथवर खांबाच्या उजेडात उभी राहिले, हात दिसतील असे,
आणि विचारलं त्याला, पोलिसाला नाही:
मी थांबू?
त्यानं मान हलवली. एवढीशी.

बाई, घरी जा, तुमचं इथं काही काम नाही.
खरंय, मी म्हटलं, काम नाही. उभी आहे.
गुडघे लटपटत होते,
तरी माझ्यासारख्या गोऱ्या म्हातारीला
कुणी काही करणार नव्हतं,
हे मला ठाऊक होतं, त्या पोलिसालाही,
आणि सगळ्यांत आधीपासून डिमिट्रियसला.

सतरा मिनिटांनी चलान फाडून सोडलं.
तो काही बोलला नाही. गाडी काढून गेला.
त्यानं काही बोलायचं का होतं?

आज सकाळी ओडेसा कचऱ्याचा डबा ओढत होती.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
शनिवारी चर्चच्या तळघरात बसतो आम्ही आया.
मागच्या दारानं ये, पुढं पार्किंग मिळत नाही.
आणि खुर्ची आपली आण.

घरात ये म्हणाली नाही.
मीही काही तशी अपेक्षा...
खोटं कशाला बोलू, केली होती.