ओहोटीच्या वेळा

आंजर्ल्यात पाणी उतरलं की
वाळू ओट्यासारखी घट्ट होते.
तेवढ्या दीड तासात मी सायकल शिकते.
वय सत्तावन्न,
सायकल शेजारच्या प्रणालीची, शाळेतून मिळालेली,
मडगार्डवर अजून योजनेचं नाव.
हे कॅरियर धरून मागून धावतात
आणि मध्येच सोडून देतात, न सांगता,
संसारात सोडलं तसं.

एप्रिलात हॉलंडला जायचंय.
यांना बांध बघायचेत.
खारभूमी खात्यात एकतीस वर्षं
समुद्राचे हिशेब लिहिले यांनी:
कितव्या उधाणाला कुठली उघाडी फुटली,
किती भात खारावलं.
आता म्हणतात, तिकडे बांधावरूनच सायकलची वाट जाते,
एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गाई,
आणि गाई पाण्यापेक्षा खाली.
सांगताना यांचा हात आपोआप
जमिनीला समांतर होतो.

मला शहर हवंय.
ट्राम, कालवे, चित्रांचं एखादं मोठं घर,
चौकातली एक खुर्ची,
जिथे बसल्यावर कुणी विचारणार नाही,
'काय वैनी, आज इकडे कुठे?'
तीन दिवस माझे, चार यांचे,
असा तह झालाय. साक्षीला लेक.
ती पुण्याहून फोनवर हॉटेलं दाखवते,
म्हणते, आई, तिथले जिने फार उभे.
म्हटलं, कड्यावरच्या गणपतीला
दर संकष्टीला कोण चढतं मग?

तारखांचं मात्र जमेना.
शिमग्याची पालखी घरी येऊन गेल्याशिवाय
उंबरा ओलांडायचा नाही, हे ठरलेलं.
आणि पालखी गेली की आंबा.
आंबा थांबतो का कुणासाठी?
तिकडची फुलंही थांबत नाहीत म्हणे.
चार दिवस दिमाख,
मग माळी स्वतःच मुंडकी खुडून टाकतात,
खालचा कांदा पोसावा म्हणून.
हे ऐकून मला का कोण जाणे
त्या माळ्यांविषयी आपलेपणा वाटला.
शेवटी दीर म्हणाले, जा तुम्ही दोघं,
झेला काय मलाही धरता येतो.

शौकतभाई हमदुले जहाजावर होते,
रॉटरडॅमला पाचदा लागलेले.
ओट्यावर बसून चहा संपेपर्यंत
एवढंच बोलले:
'चढ नाही तिकडं, भाभी. पण वारा समोरून.
वळलात तरी समोरून.'
यांनी ते वहीत लिहून घेतलं.

वहीत बरंच आहे.
फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस, कान दिसले पाहिजेत.
बँकेची सहा महिन्यांची पानं.
मेतकूट दोन किलो, त्यावर काट, खाली: अर्धा.
आणि लाल पेन्सिलीने काढलेला एक बांध,
हॉलंडचा नव्हे,
आपल्या खाडीचा, अठ्ठ्याण्णव सालचा,
जिथे फुटला तिथे फुली.
त्या रात्री हे कमरेभर पाण्यात उभे होते.
सकाळी शेत कुठलं, खाडी कुठली, कळत नव्हतं.
ते चित्र या वहीत का,
मी विचारलं नाही.

व्हिसाच्या अर्जात रकाना होता: प्रवासाचा उद्देश.
पर्यटन, व्यवसाय, नातलग, उपचार.
यांनी पेन बराच वेळ नुसतं धरलं.
मग पर्यटनावर खूण केली,
चौकटीच्या थोडी बाहेर गेली.

आज सुरूच्या बनापासून खाडीच्या तोंडापर्यंत
न पडता गेले मी.
अर्ध्यावर लक्षात आलं,
मागे पावलांचा आवाज नाही.
घाबरायला हवं होतं खरं तर.
वारा समोरून होता, डोळ्यांत पाणी,
आणि पाय चालतच राहिले.
टोकाला उतरून मागे पाहिलं:
चाकांची एक नागमोडी रेघ,
आणि तिच्या दुसऱ्या टोकाला हे,
कमरेवर हात ठेवून,
माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत,
किती चढलं ते मोजत.

उद्या पाणी पन्नास मिनिटं उशिरा उतरेल.
साखळीला खोबरेल लावून ठेवलंय.