हरकती व सूचना

मसुदा वाचला. मुदत तीस दिवसांची,
आज अठ्ठाविसावा.
मी, सिंधू रामदास बाविस्कर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
राहणार अमळनेर, बोरी नदीच्या अलीकडे,
हरकत घेते.

त्याआधी कबुली:
मी ऐकलेलं आहे.
एकवीस वर्षं कानावर हेडसेट,
समोर बोर्डाची शंभर भोकं.
रावेरचा केळीचा भाव, पारोळ्याची मोडलेली सोयरीक,
सुरतेला गिरणीत लागलेल्या पोराची तीन मिनिटं,
त्यातली दोन नुसती रडण्याची.
लाईन लागली का, एवढंच ऐकायचं, असा नियम.
कानाला नियम कळत नाही, बोटांना कळतो.
मी खुंटी काढायचे.
बहुतेक वेळा.

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात
धुळ्याहून एक फौजदार आला.
कागदावर शिक्का, शिक्क्याखाली
अठराशे पंच्याऐंशीचा कायदा.
शेजारच्या स्टुलावर बसून, दुसरा हेडसेट लावून
तो माझ्याच डब्यातली शेवभाजी खात होता.
लाईनवर निंबा मास्तर, सातवीला मला मराठी शिकवलेले,
साडूला सांगत होते:
वांगी पाठवतो. बामणोदची. दोन मण.
बुधवारी रात्री पोचतील.
कपाशीच्या काड्यांवर भाजा, कोळशावर नको.

फौजदाराने वहीत लिहिलं:
वांगी, दोन मण, बुधवार, रात्र, आग.
एकही शब्द खोटा नव्हता.
मास्तर चौदा महिने नाशिकला.

ती वांगीच होती, साहेब.
मला माहीत होतं, कारण आदल्या आठवड्यात
त्याच लाईनवर साडूच्या मुलीची हळद ठरली होती.
ते मी ऐकायला नको होतं.
म्हणून सांगता आलं नाही.

सुटून आल्यावर मास्तर कॉल लावायला यायचे,
नंबर देण्याआधी विचारायचे,
बाई, कोनी आयकी तं नही ऱ्हायनं?
मी म्हणायचे, कोनीच नही, मास्तर.

आता माझ्या भावाची नात, हर्षाली.
पांझरेतून रात्री वाळू भरून निघणारे ट्रॅक्टर मोजायची,
आकडा ग्रुपवर टाकायची.
तिचा मोबाईल नेलाय, तपासासाठी. पावती नाही.
त्यात ट्रॅक्टर असतील. शिवाय
तिच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आहे,
शिरपूरचा एक मुलगा आहे, जो घरात कोणाला माहीत नाही,
आणि मी घोरतानाचा व्हिडिओ.
हे सगळं कोणत्या वहीत, कोणत्या शब्दाखाली लिहिलं जाईल?

मसुद्याच्या कलम अकरात म्हटलंय,
‘आवश्यक वाटल्यास संदेश पाहता येतील.’
कोणाला वाटल्यास? वाक्याला कर्ता नाही.
असल्या वाक्याला मास्तर शून्य द्यायचे.

सूचना.
आधी न्यायाधीशाची सही, मग कान.
ज्याचं ऐकलं त्याला कळवा,
उशिरा का होईना, पण तो जिवंत असताना.
नवीन कायदा म्हणून जुन्याच गोधडीला
नवी खोळ घालू नका; वास तोच येतो.
आणि ऐकायला माणूस बसवालच,
तर त्याला डबा घरून आणायला सांगा.

काल हर्षालीचा फोन आला, मैत्रिणीच्या मोबाईलवरून.
बराच वेळ बोललीच नाही.
मग हळूच, मास्तरांच्याच बोलीत,
आजी, कोनी आयकी तं नही ऱ्हायनं?

मी हात पुढे केला, सवयीने.
काढायला खुंटी नव्हती.

कळावे.