स्थितीत बदल

रात्री पावणेबाराला मेसेज आला :
'आपल्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे.'
कोणता, ते नाही.
केतकीनं पासवर्ड टाकला. चाक फिरत राहिलं.

रावपुऱ्याच्या तारघरात मी एकोणतीस वर्षं काढली.
वाईट तार असली की शिपायाला बजावायचो,
आधी घरात दुसरं कोण आहे बघ,
मग पाकीट दे.

दीडला पान उघडलं :
'तूर्त निर्णय नाही. मार्चमध्ये पाहावे.'
खाली सहीसुद्धा नाही,
भांडायचं कुणाशी?

हिनं अंथरुणातूनच विचारलं, काय गं आलं?
काही नाही, केतकी म्हणाली.
खरंच होतं ते.

सकाळी पेढेवाल्याला फोन लावला.
ऑर्डर रद्द नाही, म्हटलं.
कधी न्यायची,
ते कळवण्यात येईल.