धावदोरा

ती आली तेव्हा जिन्यावर बर्फासाठी मीठ टाकलं होतं.
तिच्या बुटांनी ते वर, फिक्या गालिच्यावर आणलं.
आम्ही बावीस जणी पांढऱ्या डगल्यांत उभ्या राहिलो.
मेझाँ व्होक्लेरमध्ये नवा डिझायनर आला की
उठून उभं राहायची रीत आहे.
बसा, ती म्हणाली, मांडीवरचं पडेल.

ग्वेनोला. दुआर्नेनेची.
आई सार्डिनच्या कारखान्यात माशांची डोकी उडवायची.
हे तिनेच सांगितलं, कुणी न विचारता.

पहिल्या खेपेला तिने गाउन उलटे चालवले.
अस्तर बाहेर, रेशीम आत, दोरे लोंबकळते.
पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हातमोजे चढवले
आणि मधूनच निघून गेल्या.
दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या वर्तमानपत्रांत नुसता धुरळा.
मी पडद्यामागे होते. एकतीस वर्षांत
माझी तुरपाई पहिल्यांदा उजेडात पाहिली
आणि लाज वाटली,
झग्याखालून परकर दिसल्यासारखी.

मग ती माळ्यावर गेली.
तिथे गिऱ्हाइकांचे पुतळे असतात,
मानेवर नाव, अंगाला कापूस.
बाई सुटली की आम्ही कापूस वाढवतो.
बाई वारली तरी काढत नाही.
मादाम द मोंतर्जींना तिने उचलून खाली आणलं :
पोक, पडलेला डावा खांदा, शेवटच्या आजारातलं पोट.
याच मापाचं शिवा.
अठरा वर्षांच्या पोरी हे घालून चालतील.

मी कातर टेबलावर ठेवली, आवाज होईल अशी.
मादामचा निळा कोट मी शिवला होता,
पोक दिसू नये म्हणून पाठीत अकरा चुण्या लपवून.
आरशासमोर त्या किती वेळ आडव्या उभ्या राहिल्या होत्या.
झाकणं हाच आपला धंदा, मी म्हटलं.

ती गप्प.
मग : कुठे लपवल्या? दाखवता?

दाखवल्या. रात्रीचे दोन वाजले.
बोटं जाड आहेत तिची. सुई मात्र नीट धरते.

जुलैत ते पोक चाललं. कुणी शिट्टी मारली,
कुणी उभं राहिलं.
मांजरपाटावरचा कच्चा धावदोरा तिने काढू दिला नव्हता;
अकरा चुण्यांवरून तो पांढरा पांढरा गेला,
प्रत्येक टाका जरा डावीकडे कललेला.
माझे टाके असेच कलतात.
शाळेत नन त्यासाठी पट्टीने मारायच्या.

आज नवा पुतळा आलाय. मानेवर नाव नाही.
डगला काढा, ती मला म्हणाली.
टेप कमरेला गार लागली.
मी श्वास आत ओढून धरला.

सोडा, ती म्हणाली.