निशाणी बांगडी

भावाच्या पोराला दाखला हवा होता
म्हणून दफ्तरखान्यात गेलो मी.
आमच्या कोल्हापुरात बायका 'गेलो'च म्हणतात.
खिडकीतल्या पुण्याच्या साहेबांनी एकदा वर पाहिलं,
हसू मिशीत ठेवलं.

हिरेमठ सर मोडी वाचतात,
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकवून,
ताकाचा वास घेऊन सांगावं
कालचं की परवाचं, तसं.
दोन दिवस नुसते पुरुषच निघाले.
हैबती बिन रावजी,
रावजी बिन सुभानजी,
बिन, बिन, बिन,
सुपातून खडे पडावेत तसे.

तिसऱ्या दिवशी, चहाच्या सुमाराला, सर थांबले.
'इथं कोम आहे.'

कोम, म्हणजे अमक्याची बायको.
दर्याऊ कोम रावजी इंगवले, मौजे बेलसांगी.
नवरा स्वारीत कामास आला.
दीर कामास आला.
थोरला, मिसरूड न फुटलेला,
तोही कामास आला.
या कागदांत कुणी मरत नाही,
कामास येतं,
जळण येतं तसं.

'मूल कडेस घेऊन गडावर चालत आलो.
तीन माणसें दिल्हीं. चवथें आहे तें काय खातें?'

सर म्हणाले, 'आलो' म्हटलंय,
म्हणजे बोलणारा पुरुष असावा.
भाऊबंद एखादा, तिच्या वतीनं.
मी काही बोललो नाही.
तो आवाज मला ओळखीचा होता.
रोज सकाळी बंबापाशी
माझ्याच घरात ऐकतो मी तो.

बालपरवेशी म्हणून पंधरा बिघे मिळाले.
पूर्वेस ओढा, उत्तरेस चिंच,
पश्चिमेस गाववाट.
आणि खाली, शाई संपत आल्यासारखं:
मूल जाणतें जाहलियावर चाकरीस हजर करावें.

पोराच्या पोटासाठी जमीन,
जमिनीपोटी पोर.
दोन्ही एकाच कागदावर, एकाच दिवशी.
ती कुठल्या ओळीवर आधी रडली असेल,
की हिशेब करत गड उतरली,
पोर सात वर्षांचं आहे,
अजून नऊ पिकं घरात.

शेतकरी सही करायचा नांगर काढून,
शिपाई कट्यार.
बाईची निशाणी बांगडी.
कागदाच्या तळाशी एक गोल होता,
चेपलेला, एका बाजूला शाई फुटलेली.
हात तर मोकळेच असणार तिचे,
महिनाही झाला नसेल फोडून.
आठवून काढला असेल.

त्या तुकड्याला अजून बयेची पट्टी म्हणतात.
आम्हाला वाटायचं, कुठल्या तरी देवीची.
पेरणीआधी नारळ फोडायचो तिथं,
खोबरं वाटून खायचो,
बया कोण, हे कुणी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी तहसीलात
त्याच पट्टीवर हक्कसोड दिली मी.
दादानं इरकल नेसवली,
राजारामपुरीत जेवायला नेलं.
वडिलांचं नाव लावू की नवऱ्याचं,
एवढंच विचारलं मी, आणि वळणदार सही केली.
डझनभर काचेच्या बांगड्या होत्या हातात.
टेबलावर वाजल्या.
कुणी वर पाहिलं नाही,
मीही नाही.

फोन आला.
'गावलं का काय?'
'गावलं.'
'जात लिवल्या का?'
'नाव लिवलंय.'
'कुणाचं?'
मागं पट्टीत ऊस तुटत होता,
कोयत्यांचा आवाज येत राहिला,
रेंज होती, तरी मी 'हॅलो, हॅलो' केलं.

पिशवीत वंशावळ होती, दादानं तलाठ्याकडून आणलेली.
चौकोनाखाली चौकोन.
रावजीच्या शेजारी पेन टेकवून पाहिलं,
बोटभरही जागा नव्हती.

खिडकीवर नकलेचे पैसे भरले.
साहेब म्हणाले, 'उद्या अकरानंतर या.'
'येतो,' म्हटलं मी.